गुळातून दिलेलं विष

दुसरं महायुद्ध संपता संपता औषध कंपन्यांना मातीचं वेड लागलं. कारण घडलं होतं 1943 साली. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात, सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याला मातीतल्या एका जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि क्षयरोगावर प्रथमच खरंखुरं औषध हाती आलं. मग काय, पायाखालची माती सोन्याच्या भावाची झाली. कंपन्या फिरतीवरच्या विक्रेत्यांना, प्रवाशांना, दूरदेशीच्या मिशनऱ्यांना सांगू लागल्या की जिथे जाल तिथली चिमूटभर माती आणा. एली लिली कंपनीला व्हँकोमायसिन मिळालं ते बोर्निओतल्या एका मिशनऱ्याने पाठवलेल्या मातीत. आपल्याकडेही पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये थिरुमलाचार यांनी तिथल्याच मातीतला एक जिवाणू निवडला, त्याचं नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ ठेवलं आणि त्यातून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध काढलं. पिंपरीच्या मातीचं नाव असं शास्त्रीय नामावळीत गेलं, याची दखल पिंपरीत फारशी कुणी घेतलेली दिसत नाही.

या मातीच्या मोहिमेत मिशिगन राज्यातल्या कॅलमझू गावची अपजॉन कंपनीही होती. 1950च्या दशकाच्या अखेरीस तिच्या शास्त्रज्ञांकडे कॅन्सस राज्यातल्या ब्लू रॅपिड्स या छोट्या गावाची माती होती. तिच्यातला ‘स्ट्रेप्टोमायसिस ॲक्रोमोजेनिस’ नावाचा जिवाणू एक नवा पदार्थ तयार करत होता आणि तो पदार्थ बऱ्याच जातींच्या जिवाणूंना मारत होता. कंपनीने त्याचं नाव स्ट्रेप्टोझोटोसिन ठेवलं, 1958 मध्ये पेटंटचा अर्ज केला आणि 1962 मध्ये पेटंट मिळालंही. पण प्रतिजैविक म्हणून त्याचं बस्तान कधी बसलंच नाही. तशी डझनावारी प्रतिजैविकं त्या काळात जन्मली आणि कपाटात गेली. हेही गेलं असतं. गेलं नाही, त्याला कारण त्याची घडण.

ही घडण समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल. 1876 साली श्ट्रासबुर्गमध्ये प्रा. फेलिक्स हॉप-झायलर यांच्या हाताखाली शिकणाऱ्या गेओर्ग लेडरहोज या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने शेवंडाचं कवच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात उकळलं. द्रावण निवल्यावर त्यातून एक स्फटिक मिळाला. तपासल्यावर कळलं की ही साखर आहे, पण तिच्यात नायट्रोजन आहे. नेहमीच्या ग्लुकोजमध्ये दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते, तिच्या जागी इथे अमिनो गट बसला होता. बाकी सगळा तोंडवळा ग्लुकोजचा. हीच ग्लुकोसामाइन, म्हणजे अमिनो साखरांमधली सर्वांत परिचित. गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या डबीवर आज जिचं नाव असतं, तीच. तिच्या रेणूची नेमकी ठेवण ठरायला मात्र 1939 साल उजाडावं लागलं. ते काम नॉर्मन हॅवर्थ यांच्या नावावर आहे.

स्ट्रेप्टोझोटोसिनचा रेणू म्हणजे हीच ग्लुकोसामाइन, आणि तिच्या अमिनो गटावर बसवलेला मिथिल नायट्रोसोयुरिया नावाचा एक जहाल तुकडा. हा तुकडा पेशीच्या डीएनएला मिथिल गट चिकटवतो आणि डीएनए तुटू लागतो. जिवाणू मरत होते ते यामुळेच. रेणूची ही रचना 1967 मध्ये पक्की झाली, पण त्याआधीच त्याने आपला रंग दाखवला होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1955 पासून एक मोठी मोहीम चालवली होती: देशभरातल्या कंपन्यांकडून रसायनं मागवायची, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा आणि कर्करोगावर काही परिणाम होतो का ते उंदरांवर तपासायचं. स्ट्रेप्टोझोटोसिन या चाळणीत आलं आणि त्याला 37917 हा क्रमांक मिळाला. औषध माणसाला देण्याआधी ते प्राण्यांना किती बाधतं हे बघावं लागतं. ते बघताना उंदीर आणि कुत्रे यांच्या रक्तातली साखर वाढलेली आढळली. एकदाच शिरेतून दिलेल्या औषधाने ती वाढली आणि वाढलेलीच राहिली. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी मेल्या होत्या. 1963 मध्ये हा निष्कर्ष छापून आला. लेखकांची नावं तीन: एन. रॅकिटेन, एम. एल. रॅकिटेन आणि एम. व्ही. नाडकर्णी. शेवटच्या नावावर मराठी वाचकाची नजर अडखळणारच. जगात मधुमेहाच्या प्रयोगशाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या संदर्भसूचीत हे नाव येतं.

कर्करोगाच्या औषधाची विषबाधा ही एरवी वाईट बातमी. पण मधुमेहाचे संशोधक अशाच विषाच्या शोधात पाऊणशे वर्षं होते.

त्यांची गोष्टही श्ट्रासबुर्गमध्येच सुरू होते. 1889 सालच्या एप्रिलमध्ये ऑस्कर मिन्कोव्स्की आणि योझेफ फॉन मेरिंग हे दोघे हॉप-झायलर यांच्याच संस्थेच्या ग्रंथालयात भेटले. गप्पा चालल्या होत्या चरबीच्या पचनाच्या, आणि वाद पडला तो स्वादुपिंडाशिवाय प्राणी जगेल का यावर. मिन्कोव्स्कीचा हात शस्त्रक्रियेत चांगला बसलेला. त्याने वेळ न घालवता एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. कुत्रा जगला. फॉन मेरिंगला मात्र सासरे आजारी पडल्याचा निरोप आला आणि तो कोल्मारला निघून गेला. इकडे चांगला शिकवलेला कुत्रा जागा मिळेल तिथे लघवी करू लागला. नोकराची कटकट ऐकून मिन्कोव्स्कीने ती लघवी तपासली, तर तिच्यात 12 टक्के साखर! मधुमेहाचं मूळ स्वादुपिंडात आहे हे जगाला कळलं ते असं, फरशी पुसणाऱ्या माणसाच्या तक्रारीतून.

पण दर प्रयोगासाठी कुत्र्याचं स्वादुपिंड काढणं परवडणारं नव्हतं. शिवाय पूर्ण स्वादुपिंड गेलं की पचनाचे रसही जातात, आणि मग दिसतं ते इन्सुलिन नसल्यामुळे की अन्न पचत नसल्यामुळे, हे सांगता येत नाही. हवं होतं ते फक्त बीटा पेशींना टिपणारं हत्यार. पहिलं असं हत्यार अपघातानेच मिळालं, ग्लासगोत, 1943 मध्ये. लंडनवरच्या बाँबहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली चिरडलेल्या माणसांची मूत्रपिंडं का बंद पडतात, हे त्या काळात डॉक्टरांना सतावत होतं. शॉ डन आणि त्यांचे सहकारी मूत्रपिंडाच्या त्या दुखापतीसाठी निरनिराळी रसायनं सशांना टोचून बघत होते. त्यात ॲलोक्झॅन नावाचं एक होतं. त्याने मूत्रपिंडाऐवजी स्वादुपिंडातली बेटं, म्हणजे बीटा पेशी असलेले पुंजके, मारली. हे ॲलोक्झॅन जुनंच रसायन. 1838 मध्ये व्योलर आणि लिबिख या जोडीने त्याचा अभ्यास करून त्याला हे नाव दिलं होतं. आणि फ्रीडरिख व्योलर म्हणजे शेवंडाच्या कवचातून ग्लुकोसामाइन काढणाऱ्या लेडरहोजचा जवळचा नातलग! मधुमेह देणाऱ्या दोन्ही विषांचे धागे असे एकाच घरात जाऊन मिळतात. यात नियतीचा वगैरे काही हात नाही. त्या काळचं जर्मन रसायनशास्त्र हेच मुळात चार-दोन घरांचं गाव होतं.

ॲलोक्झॅनची तऱ्हा मात्र विचित्र. मात्रा जराशी कमी पडली तर जनावराला काहीच होत नाही, जराशी जास्त झाली तर ते दगावतं. कधी मधुमेह होतो आणि काही दिवसांनी आपोआप बरा होतो. स्ट्रेप्टोझोटोसिन आल्यावर संशोधकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याची मात्रा आणि परिणाम यांचं गणित बरंच सरळ होतं. जिनिव्हात जुनो आणि त्यांच्या गटाने 1967 ते 1969 या काळात ते बारकाईने मांडून दाखवलं.

‘गुळाने मरतो त्याला विष कशाला,’ असं आपण म्हणतो. इथे गूळ आणि विष एकाच रेणूत बांधलेले. बीटा पेशीचं कामच रक्तातल्या साखरेवर नजर ठेवण्याचं. त्यासाठी तिच्या भिंतीत ग्लुकोज आत घेणारं ‘ग्लूट-2’ नावाचं दार सताड उघडं असतं. स्ट्रेप्टोझोटोसिनचा तोंडवळा ग्लुकोजचा, म्हणून ते याच दाराने आत शिरतं. आत गेल्यावर नायट्रोसोयुरियाचा तुकडा डीएनए तोडायला लागतो. पेशी घाबऱ्याघुबऱ्या दुरुस्ती सुरू करते, त्यासाठी एक विकर कामाला लागतं आणि ते विकर पेशीतला एनएडी नावाचा ऊर्जेच्या व्यवहाराला लागणारा साठा उपसून संपवतं. पेशी मरते ती डीएनए तुटल्यापेक्षा दुरुस्तीच्या खर्चाने. हा दुरुस्तीचा हिशेब 1981 मध्ये यामामोटो, उचिगाता आणि ओकामोटो या जपानी संशोधकांनी ‘नेचर’मध्ये मांडला. साखरेचा भाग काढून नुसता नायट्रोसोयुरिया दिला तर बीटा पेशींवर एवढा नेमका घाव बसत नाही. तेव्हा मारणारा तुकडा एक आणि पत्ता सांगणारा दुसरा. यकृत आणि मूत्रपिंड यांतही ग्लूट-2 असतं, म्हणून त्यांनाही झळ लागते.

प्रयोगशाळेत हे काम कसं चालतं ते बघण्यासारखं आहे. फिकट पिवळसर भुकटी उणे 20 अंशांवर, उजेडापासून दूर ठेवलेली असते. बर्फावर गार केलेल्या सायट्रेट बफरमध्ये ती विरघळवतात, आम्लता 4.5च्या आसपास, कारण साध्या पाण्याच्या आम्लतेला हा रेणू फार काळ टिकत नाही. विरघळवलं की काही मिनिटांत टोचायचं, चहा पिऊन येतो म्हणायची सोय नाही. हातमोजे सक्तीचे, कारण हे रसायन स्वतःच कर्करोगकारक ठरू शकतं. 200 ग्रॅमच्या पांढऱ्या उंदराला 10-12 मिलिग्रॅम पुरतं. शरीरात ते काही मिनिटांतच निम्मं होतं, पण तेवढ्यात काम झालेलं असतं. पहिल्या एक-दोन तासांत साखर वाढते. मग मरणाऱ्या पेशींमधून साठलेलं इन्सुलिन एकदम बाहेर पडतं आणि साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. ही रात्र जोखमीची. जाणता विद्यार्थी पिंजऱ्यात साखरेचं पाणी ठेवून घरी जातो. नवशिका विसरतो आणि सकाळी त्याला मेलेले उंदीर मिळतात. दोन-तीन दिवसांत साखर वर चढते ती कायमची. शेपटीच्या टोकाला टोचून एक थेंब पट्टीवर घेतला की आकडा दिसतो, पण सरावलेल्या माणसाला पट्टी लागत नाही. पाण्याची बाटली रिकामी असते आणि पिंजऱ्यातला भुसा भिजून गच्च झालेला असतो. मिन्कोव्स्कीच्या नोकराने ज्याची तक्रार केली होती, तेच.

इकडे कर्करोगवाल्यांनी वेगळाच विचार केला. जे औषध निरोगी बीटा पेशी मारतं, ते बिघडून गाठ झालेल्या बीटा पेशी का मारणार नाही? अशा गाठी दुर्मिळ असतात, पण रोग्याचे हाल करतात. गाठ बेसुमार इन्सुलिन सोडत राहते आणि माणूस साखर कमी होऊन वारंवार बेशुद्ध पडतो. 1968 मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधल्या मरे-लायन आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये अशा एका रोग्याची हकीकत छापली, ज्याची गाठ एकाहून अधिक संप्रेरकं बनवत होती. स्ट्रेप्टोझोटोसिनने ती गाठ आटोक्यात आली. पाच वर्षांनी ब्रोडर आणि कार्टर यांनी 52 रोग्यांचे निकाल एकत्र मांडले. 1982 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने स्वादुपिंडाच्या बेटांच्या कर्करोगासाठी त्याला परवानगी दिली. मातीतून निघाल्याला तोवर वीसहून जास्त वर्षं झाली होती.

मग एक गोष्ट लक्षात आली, जिच्याकडे खरं तर आधीच बारकाईने बघायला हवं होतं. हे औषध घेणाऱ्या माणसांना उलट्या व्हायच्या, मूत्रपिंड बिघडायचं, मात्रा त्यामुळेच आवरावी लागायची. पण उंदरांसारखा ठार मधुमेह त्यांना सहसा होत नव्हता. मानवी बीटा पेशीच्या भिंतीत ग्लूट-2ची दारं थोडी. तिथे दुसऱ्याच जातीची दारं जास्त. उंदराला दोन दिवसांत आजारी करणारं विष माणसाच्या बीटा पेशीच्या दारावरून बहुतेक वेळा पुढे निघून जातं. उंदराचा आणि माणसाचा मधुमेह एकच नव्हे, हे या एका फरकातून जितकं स्पष्ट होतं तितकं दहा व्याख्यानांतून होणार नाही.

तरीही या उंदरांनी मोठं काम केलं, हे नाकारता येत नाही. सेंट लुइसमध्ये पॉल लेसी यांनी 1967 मध्ये स्वादुपिंडातली इन्सुलिनची बेटं अख्खी सोडवून काढण्याची रीत बसवली. 1972 मध्ये त्यांनी आणि वॉल्टर बॅलिंजर यांनी स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेही केलेल्या उंदरांमध्ये निरोगी उंदरांची बेटं रोपली. साखर पूर्ण जागेवर आली नाही, पण खाली आली. पुढच्याच वर्षी इतरांनी ती पूर्ण जागेवर आणूनही दाखवली. माणसात हेच करण्याची एडमंटनची पद्धत 2000 मध्ये प्रसिद्ध झाली, तिची मुळं या पिंजऱ्यांत आहेत. असा प्रयोग करायला मधुमेह हवा तेव्हा, हवा तेवढा, हुकमी देता यायला हवा, आणि ते या रेणूने साधलं. 1976 मध्ये लाइक आणि रॉसिनी यांनी आणखी एक शक्कल काढली. लहान उंदरांना एकदम मोठी मात्रा न देता पाच दिवस थोडी थोडी दिली. तेव्हा पेशी थेट विषाने न मरता बेटांभोवती पांढऱ्या पेशींचा वेढा पडला आणि शरीरानेच आपल्या बेटांवर हल्ला केला. बालवयात होणाऱ्या, म्हणजे पहिल्या प्रकारच्या मधुमेहाशी याचं साम्य जास्त होतं.

आपल्याकडे बहुसंख्यांना होतो तो दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. त्यात इन्सुलिन असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. त्यासाठी मोहालीच्या राष्ट्रीय औषधनिर्माण शिक्षण संस्थेत रामाराव आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये चरबीयुक्त आहार आणि स्ट्रेप्टोझोटोसिनची छोटी मात्रा यांची जोडी घातली. आधी चरबीने शरीर बहिरं करायचं, मग बीटा पेशी थोड्याशाच मारायच्या. ही पद्धत आता जगभर वापरली जाते. सोपी, नुसत्या मोठ्या मात्रेची पद्धतही बंद पडलेली नाही. उलट ती स्वस्त म्हणून औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत भरपूर चालते. आणि तिथेच माझी तक्रार आहे.

कारलं, जांभळाच्या बिया, मेथी, गुळवेल यांच्या अर्काने मधुमेही उंदरांची साखर कमी झाली, अशी बातमी दर थोड्या दिवसांनी कुठेतरी वाचायला मिळते. उंदीर बहुधा याच विषाने मधुमेही केलेले असतात. यातल्या कित्येक प्रयोगांत अर्क विष देण्याआधी किंवा लगेच नंतर पाजलेला असतो. अशा वेळी अर्काने मधुमेह बरा केला, की नुसता विषावर उतारा दिला? हा प्रश्न मी काढलेला नाही. फिलिप शाइन आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्येच दाखवलं होतं की निकोटिनामाइड, म्हणजे ब-जीवनसत्त्वाच्या कुटुंबातला एक साधा रेणू, आधी दिला तर स्ट्रेप्टोझोटोसिनने उंदरांना मधुमेह होत नाही. कारण सरळ आहे: उपसला जाणारा एनएडीचा साठा तो भरून काढतो. या निकालाच्या आणि तशा इतर पुराव्यांच्या भरवशावर प्रामुख्याने युरोपात एक मोठी चाचणी झाली. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रोग्यांच्या 552 नातेवाइकांना, ज्यांना पुढे तो होण्याचा धोका होता, पाच वर्षं निकोटिनामाइड किंवा नुसती बिनऔषधी गोळी देण्यात आली. 2004 मध्ये निकाल आला: दोन्ही गटांत फरक शून्य. उंदराला वाचवणारा उतारा माणसाच्या उपयोगी पडला नाही, कारण माणसाच्या शरीरात ते विष मुळात कुणी टोचलेलंच नव्हतं.

कारल्याला किंवा जांभळाला नावं ठेवण्याचा इथे हेतू नाही. त्यांच्यात काही गुण असतीलही, पण ते माणसांवरच्या नीट चाचणीतच ठरतील. तोवर उंदरांची बातमी हाती आली तर एवढंच बघा की अर्क विष देण्याआधी पाजला होता की साखर पक्की चढल्यानंतर, आणि शेजारी एखाद्या जुन्या औषधाचा गट ठेवला होता का. ते दिलेलं नसेल तर बातमी वाचा आणि बाजूला ठेवा. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मात्र त्या बातमीपायी बंद करू नका.